टॉवरवरचे चार स्पीकर आणि परतीची तार

आमची बोट २००८ सालची आणि २१ फूट लांबीची आहे. तिच्या मागच्या भागात पेट्रोलवर चालणारे इंजिन आहे आणि मध्यावर ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांची एक कमान आहे. या कमानीला टॉवर म्हणतात. वेकबोर्ड नावाच्या फळीवर पाय अडकवून, दोरी धरून बोटीमागे जाणाऱ्याला वरच्या दिशेने ओढ मिळावी म्हणून दोरी उंचावर बांधण्याची ही सोय आहे. मात्र टॉवर असला की त्यावर स्पीकर हवेतच, असे अमेरिकेतल्या तळ्यांवर सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. आम्ही अटलांटाच्या उत्तरेला कमिंग या गावी राहतो आणि आमची बोट लेक लॅनियरमध्ये असते. चॅटाहूची नदीवर बफर्ड धरण बांधून १९५०च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने तयार केलेला हा सुमारे ३८,००० एकरांचा जलाशय आहे, आणि उन्हाळ्याच्या शनिवारी त्याच्या प्रत्येक फाट्यात कोणाचे ना कोणाचे गाणे चालू असते.

माझ्या मामांचे मिरजेत लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. लग्न, बारसे, गणपती, निवडणूक असे काहीही निघाले की त्यांचे भोंगे बाहेर पडत, आणि माझ्या शाळेच्या सुट्ट्या त्या दुकानातल्या तारांची वेटोळी करण्यात गेल्या. म्हणूनच आमच्या घरात यजमानांनी उत्साहाने वस्तू विकत आणायच्या आणि मी त्या जोडायच्या, अशी कामाची वाटणी झालेली आहे. त्यांनी एप्रिलमध्ये आठ इंचांचे चार टॉवर स्पीकर आणि चार चॅनलचा एक ॲम्प्लिफायर आणला. प्रत्येक स्पीकरच्या मध्यभागी छोटा कर्णा होता, म्हणजे मामांच्या भोंग्याचा तो नातूच म्हणायचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६०० वॅट लिहिले होते आणि आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत प्रत्येक स्पीकर सतत १०० वॅट घेऊ शकतो असे लिहिले होते. मी खोके बाजूला ठेवले आणि पुस्तिका जवळ ठेवली.

कर्णा हवाच का, याचे उत्तर अंतरात आहे. वेकबोर्डची दोरी साधारण ६५ ते ७५ फूट लांब असते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे स्पीकरपासून एक मीटरवर जो आवाज मिळतो तो ७० फुटांवरच्या माणसापर्यंत पोहोचताना सुमारे २६ डेसिबलने कमी झालेला असतो, आणि वर इंजिनाचा व पाण्याचा गोंगाट असतोच. उलट ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी मिळतात फक्त ३ डेसिबल. त्यामुळे दूरवर आवाज न्यायचा असेल तर नुसते वॅट वाढवून भागत नाही. थोड्या विजेत जास्त आवाज काढणारा आणि तो एका दिशेला फेकणारा कर्णा लागतो. मामांना हे गणित मांडायची कधी गरज पडली नाही, कारण मिरजेच्या मैदानांवर ते त्यांनी कानांनी सोडवलेले होते.

कामाला सुरुवात केली ती जुनी जोडणी उपसण्यापासून. आधीच्या मालकाने डॅशबोर्डखाली जे काही केले होते ते पाहून मी काही मिनिटे नुसती बसून राहिले. तांबड्या तारेला काळी तार जोडलेली होती, घरातल्या जोडकामात वापरतात तशा फिरवायच्या टोप्या तारांच्या टोकांवर बसवलेल्या होत्या, आणि एका टोपीतून हिरवी पावडर गळत होती. तार कापून पाहिली तर आतून ती चंदेरी निघाली, पण ते चांगले चंदेरी नव्हते. बोटीसाठी कल्हई केलेली तांब्याची तार वापरावी, कारण दमट हवेत उघडे तांबे टोकापासून आत काळे पडत जाते. ही तार मात्र ॲल्युमिनियमची होती आणि तिच्यावर तांब्याचा मुलामा होता. अशी तार दिसायला जाड असते आणि स्वस्त मिळते, परंतु तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा विजेला होणारा तिचा विरोध बराच जास्त असतो, आणि दाबून बसवलेल्या जोडात ती सैल होत जाते. ती सगळी काढून टाकली. फक्त तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाची तार मी हातही न लावता तशीच ठेवली. तो पंप मुख्य स्विच बंद असतानाही चालला पाहिजे, म्हणून तो आपल्या स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडलेला असतो. हे न कळून तो स्विचच्या पलीकडे नेला तर पावसाळी आठवड्यात बोट धक्क्याशीच बुडू शकते.

त्यानंतर एका वहीत हिशोब मांडला. चार स्पीकरांना मिळून ४०० वॅट द्यायचे, आणि ॲम्प्लिफायर आत घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के बाहेर देणार, म्हणजे त्याला ५०० वॅट लागणार. बॅटरी १२.६ व्होल्टची धरली तर भरात ४० अँपिअर वाहणार. ॲम्प्लिफायर डॅशबोर्डखाली आणि बॅटरी मागच्या बाजूच्या कप्प्यात, मध्ये १६ फूट. दुकानातल्या तयार संचात ८ गेजची तार होती (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) आणि विक्रेत्याच्या मते ती पुरेशी होती. पण विजेला जायचे असते तसे परतही यायचे असते, त्यामुळे हिशोब १६ फुटांचा नसून ३२ फुटांचा होतो. ८ गेजच्या ३२ फुटांत ४० अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. ४ गेजच्या तारेत ते ०.३ व्होल्टच्या आसपास राहतात. बॅटरी उतरत चालली असताना हा अर्धा व्होल्ट फार मोलाचा असतो. मी ४ गेजची, कल्हई केलेली, तांबडी आणि काळी अशी दोन्ही तार घेतली. काळी तार तितकीच जाड कशाला, असे यजमानांनी विचारले, तेव्हा मी त्यांना वहीतला ३२ हा आकडा दाखवला. याच काळ्या तारेची एक बहीण पुढे मला दोन आठवडे रडवणार होती, हे त्या वेळी मला ठाऊक नव्हते.

ॲम्प्लिफायर कुठे बसवायचा, यावर मात्र चर्चेला वाव नव्हता. इंजिनाच्या कप्प्यात भरपूर जागा होती आणि बॅटरीही जवळ होती, परंतु पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती तळाशी साचते. म्हणूनच इंजिन सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवावा, अशी सूचना अशा बोटींवर चिकटवलेली असते, आणि म्हणूनच त्या कप्प्यातले प्रत्येक विद्युत उपकरण ठिणगी बाहेर न पडू देणारे असावे असा नियम आहे. गाण्याचा ॲम्प्लिफायर तसा बनवलेला नसतो. मी तो चालकाच्या डॅशबोर्डखाली, तळापासून फूटभर उंच, जाड प्लास्टिकच्या फळीवर उभा बसवला आणि हवा खेळावी म्हणून फळी भिंतीपासून थोडी पुढे ठेवली. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत थेट जोडात जाऊ नये म्हणून प्रत्येक तारेला ॲम्प्लिफायरपाशी पोहोचण्यापूर्वी खाली एक झोल दिला. पाणी त्या झोलावरून टपकून जाते.

फ्यूजच्या बाबतीत अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे ई-११ हे मानक उपयोगी पडले. बॅटरीपासून निघालेल्या धन तारेवर सात इंचांच्या आत फ्यूज असावा, असा त्याचा मूळ दंडक आहे. वेष्टण वगैरे असल्यास त्यात सवलती आहेत, पण मला सवलत नको होती. बॅटरीच्या अग्रावरच बसणारा चौकोनी फ्यूज मिळतो, तो ६० अँपिअरचा घेतला. फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो असा अनेकांचा समज आहे, आणि म्हणून ते तो ॲम्प्लिफायरजवळ बसवतात. ॲम्प्लिफायरच्या अंगावर त्याचे स्वतःचे फ्यूज असतातच. बॅटरीजवळचा फ्यूज तार वाचवण्यासाठी असतो. मध्ये कुठे तार खरचटून इंजिनाच्या धातूला टेकली, तर फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा तेवढा फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहतो, आणि तो तुकडा जितका लहान तितकी आगीची शक्यता कमी.

सर्वांत वेळखाऊ काम टॉवरमधून तारा नेण्याचे निघाले. चार स्पीकर दोन-दोन करून एकेका चॅनलला समांतर जोडले असते, तर टॉवरच्या प्रत्येक पायातून दोनच तारा वर न्याव्या लागल्या असत्या आणि दोन चॅनलचा स्वस्त ॲम्प्लिफायरही चालला असता. परंतु ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला २ ओहम दिसतात, करंट दुप्पट होतो, आणि तो तापतो. जॉर्जियाच्या जुलैमध्ये बंद डॅशबोर्डखाली आधीच काय तापमान असते ते मला ठाऊक होते. म्हणून प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र चॅनल, आणि प्रत्येक पायातून एक चार तारांची, वेष्टण असलेली १६ गेजची केबल, असे ठरले. वर जाऊन परत येईपर्यंत या तारेची लांबी ४० फूट भरली आणि विरोध ०.१६ ओहम. चार ओहमच्या स्पीकरसमोर तो चार टक्के होतो, ते मी मान्य केले. याहून जाड केबल पायातल्या आधीच्या भोकातून जाईना, आणि ज्या नळीवर माणसाच्या ओढीचा भार येतो तिला नवीन मोठे भोक पाडायला माझा हात धजावला नाही.

आमचा टॉवर पुलाखालून जाताना आडवा करता येतो, म्हणून त्याच्या दोन्ही पायांत बिजागरी आहेत, आणि नळी तिथे तुटते. शिवाय उजव्या पायातून नांगर टाकल्यावर लावायच्या पांढऱ्या दिव्याची तार आधीच वर गेलेली होती. स्प्रिंगची लांब पट्टी आत घातली तर ती प्रत्येक वळणावर अडकू लागली. शेवटी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने, प्लास्टिकच्या पिशवीचा बोराएवढा गोळा बारीक दोऱ्याला बांधून नळीच्या एका टोकाला ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, ही युक्ती काढली. गोळा सर्रकन दुसऱ्या बाजूला आला. दोऱ्याने जाड दोरी ओढली, दोरीने केबल ओढली, आणि प्रत्येक वेळी पुढच्या खेपेसाठी एक दोरी आतच ठेवली. बिजागरीपाशी केबल बाहेर काढून तिला वेताच्या टोपलीच्या कडीसारखा एक सैल वेढा दिला आणि टॉवर तीनदा उघडून-मिटून पाहिला, कारण तिथे तार ताणली गेली तर ती पहिल्याच दिवशी तुटणार नाही. दोन महिन्यांनी आतल्या आत तुटेल आणि गाणे हलक्या धक्क्याला येत-जात राहील. नळीच्या भोकांच्या कडा कानशीने घासून त्यांत रबरी कडी बसवली. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला थेट भिडू नयेत म्हणून त्यांना गंजरोधक मलम लावले. गोड्या पाण्यात हा त्रास समुद्रापेक्षा सावकाश होतो, पण होतोच.

तारांचे जोड दाबयंत्राने दाबून, वर आत गोंद असलेली, उष्णतेने आक्रसणारी नळी चढवून केले. डिंकासारखा गोंद कडेने बाहेर आला की जोड बंद झाला असे समजायचे. उजव्या पायातल्या दोन जोडांना या नळ्या संपल्या म्हणून मी गोंद नसलेली साधी नळी चढवली आणि नंतर बदलू म्हणून सोडून दिली.

स्पीकर टॉवरवर चढवण्याआधी प्रत्येकाची दिशा तपासली. साध्या दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक केबलच्या धन तारेला क्षणभर लावले की स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा. तीन आले, चौथा आत गेला. चार तारांच्या केबलमध्ये दोन रंग मी उलटे वाचले होते. हे राहून गेले असते तर आवाज आला असता, पण एक पडदा हवा ढकलत असताना शेजारचा ती ओढत राहिला असता, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत राहिले असते. अशा वेळी लोक स्पीकरला दोष देतात आणि आवाज वाढवत जातात.

स्टेरिओकडून येणारी, ॲम्प्लिफायर चालू करणारी निळी तार आणि आवाजाच्या दोन केबली जोडायला अर्धा तासही लागला नाही. इंजिन बंद ठेवून धक्क्यावर पहिले गाणे लावले तेव्हा ते काचेसारखे स्वच्छ वाजले, आणि शेजारच्या बोटीतल्या वयस्क गृहस्थांनी अंगठा उंचावला. मग यजमानांनी ब्लोअर चालवून इंजिन सुरू केले आणि चारही स्पीकरांतून डासाच्या गुणगुणण्यासारखा एक सूर निघू लागला. गती वाढवली की तो चढे, कमी केली की उतरे. गाण्याचा आवाज शून्यावर नेला तरी तो तसाच.

पुढचे दोन आठवडे मी या डासाच्या मागे घालवले. ॲम्प्लिफायरमधून आवाजाच्या केबली उपटल्या की सूर थांबे, म्हणजे तो त्या केबलींतूनच येत होता, इतके कळले. मग केबली वाईट असणार असे समजून पीळ दिलेल्या महाग केबली आणल्या; डासाला काही फरक पडला नाही. मग दुकानातून केबलींच्या मध्ये लावायचा एक विलगक, म्हणजे दोन्ही बाजूंचा थेट विद्युत संबंध तोडणारी डबी, आणला. त्याने सूर जवळजवळ गेला, पण गाणे पातळ झाले, आणि रोग तसाच ठेवून ताप उतरवल्यासारखे मला वाटत राहिले. अखेर रविवारी सकाळी, म्हणजे मिरजेतल्या संध्याकाळी, मामांना व्हिडिओ कॉल लावला आणि इंजिन चालू ठेवून फोन स्पीकरपुढे धरला.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, “गती वाढवली की चढतोय काय?”

“हो मामा, बरोबर गतीबरोबर चढतो.”

“मग तो अल्टरनेटर हाय, तुझा ॲम्प्लिफायर चांगला हाय. निवडणुकीच्या रिक्षात बॅटरीवर अहुजाचा ॲम्प्लिफायर लावला की असंच व्हायचं. आम्ही अर्थची तार काढून एकाच जागी आवळायचो. तू स्टेरिओची अर्थ कुठं दिलीयस गं?”

मी स्टेरिओला अर्थ, म्हणजे बॅटरीकडे परतणारी ऋण तार, दिलीच नव्हती. स्टेरिओ आधीपासून बसवलेला होता आणि वाजत होता, म्हणून त्याच्या मागे काय आहे हे मी पाहिलेच नव्हते. मामा पुढे म्हणाले, “रिक्षाला निदान पत्रा असतोय. तुझी बोट कशाची?”

“फायबरची.”

“मग अर्थ म्हणजे तार. ती कुठून कुठं गेलीय ते बघ आधी.”

डॅशबोर्ड उघडून ती काळी तार शोधत गेले. स्टेरिओची ऋण तार डॅशबोर्डवरच्या मीटरांच्या आणि दिव्यांच्या तारांबरोबर एका बारीक तारेत मिसळून थेट मागे इंजिनाच्या धातूवर जाऊन संपत होती. माझ्या ॲम्प्लिफायरची जाड काळी तार मात्र सरळ बॅटरीला गेली होती. मोटारीत पत्र्याला कुठेही अर्थ दिली तरी सगळा पत्रा मिळून एक मोठी तार असते. फायबरच्या बोटीत जितक्या काळ्या तारा तितक्या वेगळ्या वाटा असतात, आणि प्रत्येक वाटेवर व्होल्टेज थोडे वेगळे असते. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर स्टेरिओच्या ऋण टोकाला आणि ॲम्प्लिफायरच्या ऋण टोकाला लावला तेव्हा ०.१२ व्होल्टचा फरक दिसला. ज्या दोन टोकांत शून्य असायला हवे तिथे हा फरक होता, आणि त्यात अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राची, थरथर मिसळलेली होती. ती थरथर मग आवाजाच्या केबलीच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढत होती, आणि ॲम्प्लिफायर ती इमानेइतबारे मोठी करून ऐकवत होता.

उपाय पाऊण तासात झाला. ॲम्प्लिफायरशेजारी एक बसबार, म्हणजे अनेक तारा एकत्र आवळायची धातूची पट्टी, बसवला, बॅटरीकडून आलेली जाड काळी तार त्यावर आणली, त्यावरूनच ॲम्प्लिफायरला तार दिली, आणि स्टेरिओची ऋण तार जुन्या जुडग्यातून सोडवून त्याच बसबारवर आवळली. विलगक काढून टाकला. इंजिन सुरू केले, गती ३,००० फेऱ्यांपर्यंत नेली, कान कर्ण्याला लावला. इंजिनाशिवाय काही ऐकू आले नाही. मामांना पुन्हा फोन केला तेव्हा ते जेवत होते आणि त्यांनी फक्त “झालं न्हवं?” एवढेच विचारले.

त्यानंतर आवाजाची पातळी बसवली. ॲम्प्लिफायरवरचा गेनचा खुंटा म्हणजे आवाज वाढवायचे बटण, असे समजून तो पूर्ण फिरवणारे पुष्कळ आहेत; स्पीकर जळतात ते बहुधा तिथेच. १०० वॅट आणि ४ ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ २० येते, म्हणून स्पीकर सोडवून, स्टेरिओवर १,००० हर्ट्झचा एकसुरी नाद तीन-चतुर्थांश आवाजावर लावून, मल्टिमीटरवर २० व्होल्ट दिसेपर्यंत खुंटा फिरवला आणि तिथे थांबले. १०० हर्ट्झच्या खालचे सूर या स्पीकरांकडे जाऊच दिले नाहीत. उघड्या हवेत टॉवरवरून ढोलाचा ठेका काढू पाहणे म्हणजे पडद्याला फुकट राबवणे आहे. ठेक्यासाठी बोटीच्या आत वेगळा मोठा स्पीकर लागतो, आणि त्याची मागणी घरात आलेली आहे, पण ती मी सध्या ऐकलेली नाही.

जूनच्या मध्यावर पहिली पूर्ण सहल झाली. एका शांत फाट्यात नांगर टाकला, मुले पाण्यात उतरली, गाणी लागली. तीन तासांनी निघायच्या वेळी किल्ली फिरवली तर इंजिनातून नुसती टकटक ऐकू आली. बॅटरी ११.६ व्होल्टवर आली होती. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.७ च्या आसपास आणि अर्धी उतरलेली १२.२ च्या आसपास दाखवते, आणि याहून बरीच खाली गेली की इंजिन फिरवण्याचे त्राण तिच्यात राहत नाही. ४० अँपिअरचा हिशोब मी तारेसाठी केला होता, फ्यूजसाठी केला होता, पण बॅटरीसाठी केला नव्हता. शेजारच्या बोटीतल्या एका कुटुंबाने त्यांचा छोटा जंप पॅक, म्हणजे इंजिन सुरू करून देणारी हातातली बॅटरी, दिला म्हणून आम्ही अंधारापूर्वी घरी आलो. परतीच्या वाटेवर कोणी गाणे लावा म्हणाले नाही.

सतत ४० अँपिअर कधीच जात नाहीत, कारण गाण्यात भर क्षणाचा असतो. प्रत्यक्ष मोजले तेव्हा मोठ्या आवाजात सरासरी दहा-बारा अँपिअर निघाले. तरीही इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली बॅटरी क्षणभर शेकडो अँपिअर देते आणि मग लगेच भरली जावी अशी तिची अपेक्षा असते. तासन्‌तास थोडे थोडे देणे तिच्या स्वभावात नाही. म्हणून १०० अँपिअर-तासांची, खोलवर उतरू शकणारी दुसरी बॅटरी केवळ गाणी आणि दिवे यांच्यासाठी घेतली. तिचा अर्धाच भाग वापरायचा म्हटला तरी चार तास निघतात. दोन्हींच्या मध्ये आपोआप जुळणारा रिले बसवला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३ च्या वर काही वेळ स्थिर राहिले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि अल्टरनेटर दोघींना भरतो. इंजिन बंद होऊन व्होल्टेज १२.७५ च्या खाली आले की त्यांना वेगळे करतो, आणि इंजिनाची बॅटरी गाण्याच्या हाती लागत नाही. रिले फक्त तांबड्या तारा जोडतो. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकमेकांना जाड तारेने वेगळी जोडावी लागतात, आणि ते राहिले तर रिलेचा दिवा पेटूनही नवीन बॅटरी भरत नाही. हे मात्र मी विसरले नाही. फ्यूजही गाण्याच्या बॅटरीच्या अग्रावर हलवला.

स्पीकर मागे वळवलेले असल्याने बोटीत बसलेल्यांना बोलता येते आणि फळीवरच्या मुलाला ७० फुटांवर शब्द कळतात. धक्क्याजवळ येताना आवाज उतरवायचा, आणि सूर्य मावळल्यावर आणखी उतरवायचा, हे आम्ही ठरवून टाकले आहे. संध्याकाळी पाण्याजवळची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि आवाज वर निसटण्याऐवजी पाण्याकडे वाकत दूर जातो. पलीकडच्या काठावरच्या ओसरीत बसलेल्यांना आमचे गाणे आमच्याइतकेच स्पष्ट ऐकू येत असणार.

हिवाळ्यात बोट झाकून ठेवली होती. मार्चच्या शेवटी टॉवरचे बोल्ट आवळून घेतले आणि सगळे जोड एकदा उघडून पाहिले. बसबार चकचकीत होता, बॅटरीवरचा फ्यूज स्वच्छ होता, बिजागरीजवळचे वेढे जसेच्या तसे होते. उजव्या पायातल्या, गोंद नसलेल्या नळीच्या दोन जोडांपैकी एकाच्या तोंडाशी मात्र हिरवट कडा दिसली. वर पुन्हा पोहोचता यावे म्हणून तार चार बोटे जास्त सोडलेली होती. मुलाने टॉवर आडवा धरला आणि मी ते टोक कापून, नव्याने दाबून, या वेळी गोंदाची नळी चढवली, आणि शेजारच्या जोडाला काही झालेले नसतानाही त्याचीही बदलली.